काट्याआधी गठ्ठा

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत आज निदान चार गोडाउनांत भंगाराचा गठ्ठा आधी फोडतात आणि मग वजनकाट्यावर घेतात. ही रीत कुणी पाडली असं विचारलं तर चारही शेठ आपापलं नाव सांगतील. सांगोत बापडे. ती पाडली एका म्हातारीने, आणि तिला हाताला धरून गेटपर्यंत आणली मी. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला शंका नको.

आमचं काम प्लास्टिक निवडायचं. फुटक्या बादल्या, खुर्च्या, डबे, खेळणी, पाइप असं सगळं यंत्रात दाबून, पट्ट्या आवळून केलेले गठ्ठे ट्रकने येतात. आम्ही बायका पट्ट्या कापतो, एकेका जातीचं प्लास्टिक वेगळं काढतो, मग ते भरडलं जातं, त्याचा दाणा होतो आणि दाण्याच्या पुन्हा बादल्या होतात. ऐकायला सोपं आहे. पण पांढऱ्या तुकड्यांचा ढीग समोर टाकून एखाद्या इंजिनिअरला म्हणावं, सांग बाबा यातलं कुठलं काय. चुकीच्या जातीचे चार तुकडे गेले तरी सगळा दाणा नासतो.

ओळखायचं वासावरून. ज्या तुकड्याची शंका येईल त्याचं टोक लायटरने जाळायचं, फुंकर मारून विझवायचं आणि धूर हुंगायचा. बादलीच्या प्लास्टिकला मेणबत्तीचा वास येतो. पाइपाचा धूर नाकात सुईसारखा टोचतो. नायलॉनला केस जळाल्याचा वास, आणि वापरून फेकायच्या पेल्यांना गोडसर, झेंडूच्या जवळचा. हे मला कुठल्या शाळेने शिकवलं नाही. मी बारावी झालेली बाई, पाथर्डीकडची, आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. लग्न होऊन नागापुरात आले आणि पहिल्या दिवशी शेडमध्ये पदराने नाक झाकून बसले. तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली, "पोरी, नाक झाकून कसं चालंल? नाकाचंच तर खातोय आपन."

तीच मावशी. माझ्या नात्याची नव्हे. सगळ्या शेडची मावशी. साठी कधीच उलटलेली, नवरा नाही, मूलबाळ नाही. बुद्धविहाराच्या मागच्या बोळात एक खोली आणि तिच्या दारात तुळशीऐवजी मिरचीचं झाड. तिला एकच व्यसन, मिश्रीचं. जेवणाच्या सुट्टीत शेडच्या मागे, पश्चिमेच्या भिंतीला लागून तीन दगडांवर पत्रा ठेवायची, चार काटक्या पेटवायची आणि तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची. मग हातावर चोळून आम्हा सगळ्यांना एकेक चिमूट. राखेवर तांब्याभर पाणी ओतायची आणि वरून चपलेने दाबायची. मी हे वर्षानुवर्षं रोज पाहिलेलं आहे. एक दिवसही ती पाणी ओतायला विसरली नाही.

आता माझी चूक सांगते. मावशीच्या खालोखाल शेडमध्ये माझं नाक चांगलं, असा बोलबाला झाला होता. सुपरवायझर तुकडे घेऊन माझ्याकडे यायचा. मी हुंगून ऐटीत जात सांगायची, आणि ती बरोबर निघायची. त्याची मला नशा चढली होती. वैशाखातल्या त्या दुपारी मी डबा घेऊन जेवायला निघाले, पूर्वेच्या टोकाला नवे गठ्ठे रचून ठेवले होते त्यांच्या बाजूने, आणि एक वास आला. गोड. पण झेंडूचा नव्हे. पोरी नखांना रंग लावतात, त्याची बाटली उघडल्यासारखा. मी थांबले. पुन्हा हुंगलं. असला वास कुठल्याच प्लास्टिकला येत नाही.

तेव्हा सरळ हाक मारायची होती, "मावशी, ये गं इकडं, हे काय ते मला कळंना." मावशी अजून शेडमागे गेली नव्हती, पाच पावलांचं काम. पण मला कळत नाही हे चारजणींसमोर कोण कबूल करणार? नाकाने कांदे सोलायची सवय लागली होती ना. मी तशीच पुढे गेले आणि जेवायला बसले. अर्धी भाकरी झाली असेल, तेवढ्यात पूर्वेकडून धूर आला.

प्लास्टिकची आग ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळणार नाही. प्लास्टिक वितळतं आणि आग पाण्यासारखी जमिनीवरून पळत येते. वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या होत्या, त्यात वाळू कमी आणि गुटख्याच्या पिचकाऱ्या जास्त. नगरहून बंब आले, संध्याकाळपर्यंत पाणी मारत होते. विळदपर्यंत काळा धूर दिसला म्हणतात. माणसं सगळी बाहेर निघाली, हे नशीब. अर्धी शेड गेली.

तिसऱ्या दिवशी विम्याचा माणूस आला. त्याला कागदावर लिहायला कारण पाहिजे होतं. सुपरवायझरने त्याला मागच्या भिंतीपाशी नेलं आणि तीन दगड दाखवले. झालं. आग लागली पूर्वेच्या टोकाला, दगड पश्चिमेच्या भिंतीमागे, मध्ये अख्खी शेड. मी तसं म्हणाले तर सुपरवायझर म्हणे, वारा होता. वारा असा चारशे पावलं वळणं घेत ठिणगी नेऊन ठेवतो, हे मला नवीनच कळलं. शेठ गेटवर उभे राहिले आणि सगळ्या बायामाणसांसमोर म्हणाले, "म्हातारे, तुझ्या मिश्रीने माझी शेड खाल्ली. उद्यापासून इथं दिसू नकोस." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

मी सुपरवायझरला वासाचं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललीस?"

शेड पुन्हा उभी राहिली, आम्ही पुन्हा कामाला लागलो, मावशी मात्र घरी. दुसरीकडे कामाला गेली तर गेटवरूनच परत. एमआयडीसीत बातमी वाऱ्याच्या आधी पोचते. लोक तिला आगीची म्हातारी म्हणायला लागले. मी दर रविवारी तिच्याकडे जायची. चार रविवार ती चिडलेली असायची, शेठला शिव्या घालायची, ते मला बरं वाटायचं. पाचव्या रविवारी गेले तर फळीवरचा मिश्रीचा डबा दिसेना.

"टाकला," म्हणाली. "तोंडाला लावू वाटंना. पोरी, त्या दिशी म्या पानी वतलं हुतं का गं? मला आता आठवंना."

मला भडभडून आलं. शिव्या खाल्ल्या, काम गेलं, ते तिने पचवलं असतं. पण आता तिला स्वतःवरच भरवसा राहिला नव्हता, आणि तो घालवण्यात माझा वाटा होता. मी म्हटलं, "ओतलं होतंस, मावशी. मी पाहिलं." ती म्हणाली, "तू जेवत हुतीस." खरंच होतं. मी पाठ करून जेवत होते.

मग श्रावणात माझा मोबाईल बिघडला. पाठ फुगून वर आली होती. नागापूरच्या चौकात टपरीवर नेला. दुरुस्तीवाल्याने पातळ पट्टी घालून मागचं झाकण उचकटलं आणि तो वास आला. गोड. नखाच्या रंगाचा.

"हा वास कशाचा हो?" मी विचारलं.

"बॅटरीचा, ताई. फुगून फुटली की येतो. जरा लांब व्हा, पेट घेती कधीकधी आपोआप."

आपोआप. त्याने ती बॅटरी चिमट्याने उचलून वाळूच्या डब्यात टाकली. त्या एवढ्याशा टपरीवर वाळूचा डबा होता, आणि त्यात वाळूच होती.

दुसऱ्या दिवशी शेठना सांगितलं. त्यांनी बिलांची फाइल पुढे टाकली. "वाच. मिक्स प्लास्टिक. बॅटरी कुठं लिहिलीय?" इथेच तर सगळी मेख होती. मोबाईल, ट्रिमर, बॅटरीवर चालणारी खेळणी यांचं भंगार घ्यायला वेगळा परवाना लागतो. तो नसलेले व्यापारी काय करतात, आतली तांब्याची तार आणि किमती सर्किट-पट्ट्या काढून घेतात, आणि उरलेलं बॅटरीसकट गठ्ठ्याच्या पोटात दाबून देतात. बाहेरून चारही बाजूंनी स्वच्छ बादल्या. कागदावर मिक्स प्लास्टिक. आणि धंद्याची जुनी रीत अशी, की काट्यावरून उतरलेला गठ्ठा घेणाऱ्याचा, आणि काट्याच्या आधी गठ्ठ्याची पट्टी कुणी कापायची नाही. म्हणजे बघायची मुभा मिळते तेव्हा माल तुमचा झालेला असतो. असली सोय चोरालाच सुचणार.

शेठ म्हणाले, "या रीतीवर सगळा बाजार चालतो. एका म्हातारीसाठी मी गाड्या अडवू?" मी म्हटलं, "म्हातारीसाठी नाही, शेठ, शेडसाठी." ते फोनवर बोलायला लागले. म्हणजे मी जावं.

दिवाळीनंतर भंगाराला पूर येतो. घरोघरची सफाई झालेली, पोरांची जुनी खेळणी, बंद पडलेल्या माळा, सगळं एकदम निघतं. तसल्याच एका दुपारी, अडीच-तीनच्या सुमाराला, नुकत्याच आलेल्या गाडीतला एक गठ्ठा आमच्यापुढे आणून टाकला. बाहेरून निळ्या बादल्या. मी पट्टी कापायला वाकले आणि तशीच उभी राहिले.

या वेळी मी हाक मारली. अशी मारली की मशीनवरच्या माणसाने मशीन बंद केलं. म्हटलं, हा गठ्ठा आत्ताच्या आत्ता बाहेर न्या, मोकळ्या जागेत, याच्यात बॅटरी फुटलीय. सुपरवायझर म्हणाला, काम चालू कर. मी गठ्ठ्यापासून सगळ्या बायकांना लांब नेलं आणि आम्ही सोळाजणी दाराजवळ खाली बसलो. विळा, लायटर, हातमोजे जमिनीवर ठेवले.

शेठ आले. गाडीचा ड्रायव्हरही मागोमाग आला. "पुन्हा तुझं नाक?" शेठ म्हणाले.

"हो. गठ्ठा बाहेर ठेवा. काही झालं नाही तर उद्यापासून मी येणार नाही."

आमच्या घरात तेव्हा माझाच पगार चालू होता. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली. पण बोलून गेले, जीभ माझी नाकापेक्षा लांब आहे. शेठ वैतागून फोर्कलिफ्टवाल्याला म्हणाले, "ने रे, हिची हौस होऊ दे." त्याने गठ्ठा नेला आणि अंगणाच्या मधोमध, चहूबाजूंनी मोकळ्या जागेत ठेवला.

आणि काहीच झालं नाही.

ऊन तापलं होतं. आम्ही सगळे सावलीला उभे, तो निळा गठ्ठा तिकडे एकटा. ड्रायव्हरने बिडी काढली, शेठने डोळे वटारले तशी परत खिशात घातली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. तिथे वाऱ्यावर वासही लागेना. ड्रायव्हर हसून म्हणाला, "ताई, नवसाला पावंल का ह्यो गठ्ठा?" दोनचार पुरुष हसले. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. नोकरी गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे मावशीचं कायमचं गेलं, असं वाटायला लागलं. शेठ वळले. "चला, कामाला लागा."

तेवढ्यात टप् असा आवाज झाला. मग आणखी एक, मग पाचसहा एकदम, कढईत मोहरी तडतडावी तसे. गठ्ठ्याच्या मधून पांढरा धूर निघाला, ठिणग्या उडाल्या आणि ज्वाळ वर आली. कुणाची चूल नाही, बिडी नाही, वीस पावलांत माणूस नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, भर दुपारी, तो गठ्ठा आपला आपण पेटला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आग बघून कुणी हसतं का? मी हसले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते. शेजारची बाई माझा दंड दाबून दाबून लाल करत होती.

शेठचं तोंड उतरलं होतं. पाण्याचा पाइप सुरू झाला, वाळू टाकली, अंगणात दुसरं काही जळायला नव्हतं म्हणून आग तिथल्या तिथे संपली. ते हळूच म्हणाले, "तिथं तर कुणीच नव्हतं."

मी म्हटलं, "त्या दिवशीही कुणी नव्हतं."

गार झाल्यावर लोखंडी आकड्याने गठ्ठा फोडला. आतून ट्रिमर निघाले, रिमोटच्या गाड्या, टॉर्च, फुगलेल्या बॅटऱ्या. मावतील तेवढ्या. ड्रायव्हर नखं बघत उभा होता. शेठ मला म्हणाले, "म्हातारीला निरोप दे, सोमवारपासून ये म्हणावं."

"निरोप नाही," मी म्हटलं. "गेटवर सगळ्यांसमोर बोलला होतात. आता तिच्या दारात सगळ्यांसमोर बोला."

शेठ आले, नाक मुठीत धरून आले. रविवारची सकाळ, बोळात नळाला पाणी आलेलं, म्हणजे सगळी वस्ती बाहेर. मावशी उंबऱ्यात बसली होती. मी त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. ते घसा खाकरून म्हणाले, "मावशी, ती आग तुमच्याने लागली नव्हती. माझं चुकलं."

मावशी म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला, शेठ. नळावरच्या बायांना न्हाई आईकू गेलं."

त्यांनी मोठ्याने सांगितलं. नळावरच्या हंड्यांचा आवाज बंद झाला होता, सगळ्यांना ऐकू गेलं. मावशी उठली, आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती बाहेर आली ती पत्रा आणि तंबाखूची पुडी घेऊन. पुडी कोरी होती. मी आदल्या दिवशी सगळं सांगितल्यावर लगेच जाऊन आणली असावी. दारात तीन विटा मांडल्या, काटक्या पेटवल्या, आणि शेठच्या पुढ्यात, अगदी पायांजवळ, मिश्री भाजायला घेतली. धूर शेठच्या नाकातोंडात जाऊन त्यांना ठसका लागला.

"भिऊ नका," मावशी म्हणाली. "ह्याच्यानं आग लागत न्हाई."

वस्ती इतकी हसली की शेठलाही हसावं लागलं. मिश्री काळी झाली. तिने विटांमधल्या राखेवर तांब्याभर पाणी ओतलं, चपलेने दाबलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बघितलंस न्हवं?" मी म्हटलं, "बघितलं." या वेळी मी पाठ केलेली नव्हती.

मग ती व्यवहाराचं बोलली. "म्या येते. पर गठ्ठा गेटावर फोडायचा, काट्याच्या आधी. म्या बसंन तितं."

"मावशी, धंद्याची रीत नाही ती. गाड्यांची रांग लागेल."

"लागू द्या. न्हाई तर मी हितंच बरी हाय. मिरच्या चांगल्या लागल्यात औंदा."

शेठने डोक्यावरून हात फिरवला, जळालेला गठ्ठा आठवला असावा, आणि हो म्हणाले.

सोमवारी सकाळी गेटच्या आत, काट्याच्या अलीकडे मावशी स्टुलावर बसली. हातात आकडा, शेजारी वाळूची बादली; वाळू मी स्वतः चाळून भरली होती. पहिलीच गाडी त्याच व्यापाऱ्याची, ड्रायव्हरही तोच. म्हणाला, "मावशी, काटा होऊ द्या, मग बघा की निवांत."

"काट्यानंतर त्यो माल आमचा," मावशी म्हणाली. "आता तुमचा हाय, तवर बघून घेते."

तिने एक गठ्ठा खाली घ्यायला लावला, पट्टी कापली, आकडा आत घातला आणि ओढला. दुसऱ्याच ओढीला ट्रिमर बाहेर आला. तिने तो उचलून ड्रायव्हरच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं स्वतःच्या हाताने मिटली. गाडी मागे घ्यायला जागा नव्हती, म्हणून मागच्या चार गाड्या आधी मागे घ्याव्या लागल्या. आम्ही सगळ्या हातातलं टाकून बघायला आलो होतो. शेठही आले होते.

दुसऱ्या गाडीतला गठ्ठा फोडला. त्यात बॅटरी दिसत नव्हती, पण एक करडा तुकडा निघाला, जाडसर, चिकट. मावशीने तो हुंगला आणि माझ्या हातात दिला. ड्रायव्हर बघत होते, सुपरवायझर बघत होता, सगळ्या बायका बघत होत्या. मी हुंगला. उलटा करून पुन्हा हुंगला. मेणबत्ती नाही, झेंडू नाही, केस नाही, नखाचा रंगही नाही.

"कशाचा वास हाय?" मावशीने विचारलं.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला नाही ओळखता येत."

"मला बी न्हाई येत," मावशी म्हणाली, आणि स्टुलावरून उठून तिने आकडा रस्त्याकडे रोखला. "मंग ही बी गाडी परत."